बिनधुराची शेगडी

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, मटण खाता का हेही विचारलं नाही. गोंदियात त्याआधी भेटलेल्या चार घरमालकांनी हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारले होते. हे गृहस्थ दारातल्या खुर्चीत बसले होते. खाकी शर्ट, खिशात एक पेन आणि पेनाला लागून एक लांब थर्मामीटर. मला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळून म्हणाले,

"आंग धुवाले किती डिग्रीचं पानी लागते तुमाले?"

"गरम," मी म्हणालो.

"गरम हा काही आकडा नाही, सर."

मी अंदाजाने चाळीस म्हणालो. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि खोली मला मिळाली. पुढची पाच वर्षं रोज सकाळी जिन्याखाली चाळीस अंशाची बादली ठेवलेली असे. एकदा ती एकोणचाळीस अंशांची निघाली, तर त्यांनी वर येऊन आधी कळवलं आणि कारणही सांगितलं.

लोक त्यांना फोरमन म्हणत. ते फोरमन कधीच नव्हते. उसना तांदूळ काढणाऱ्या एका गिरणीत, म्हणजे जिथे धान आधी वाफेवर उकडून मग सडतात तिथे, ते बॉयलर सांभाळत. सगळी हयात त्यात गेली. निवृत्त होताना गिरणीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि फोरमन ही पदवी गल्लीने आपली आपण दिली. ज्या भागात माजी सरपंच मरेपर्यंत सरपंचच राहतो, तिथे न झालेल्या फोरमनला फोरमन म्हणण्याने फारसं बिघडत नव्हतं. मी जवळच्या महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, तर मलाही सगळे 'सर' म्हणत. आम्ही दोघेही दुसऱ्याच्या पदवीवर जगत होतो. मी त्यांना काका म्हणू लागलो.

बाहेरच्या माणसाला गोंदियाची थंडी खरी वाटत नाही. विदर्भ म्हणजे ऊन, असा त्याचा समज असतो. मी नगरकडचा. डिसेंबरात पहिल्यांदा दात वाजले तेव्हा माझा भूगोल दुरुस्त झाला. सकाळी गल्लीत जागोजागी शेकोट्या पेटत. त्यांत पुठ्ठे, ओल्या फांद्या, कधी टायरचे तुकडे. काका त्यांच्यामधून तपासणीला निघाल्यासारखे चालत जात. प्रत्येक शेकोटीपाशी थांबत आणि शेरा मारत.

"हे आग नाही, हे धुराचं दुकान होय."

किंवा, "धूर म्हंजे न जळलेलं लाकूड. इकत घेता अन् आभाळाले फुकट देऊन राहिले. काऊन?"

कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार हिंदी बोलणारा. तो हात शेकत म्हणायचा, "फोरमन साब, आभाळ को भी तो ठंड लगती होगी."

काकांना विनोद कळत नसे असं नाही. पण आगीच्या बाबतीत ते विनोद खपवून घेत नसत. माणसांची पारखही ते त्यांच्या चुलीवरून करत. एका नातेवाईकाबद्दल त्यांनी मला एवढंच सांगितलं, "ओलं लाकूड आहे. पेटत बी नाही, विझत बी नाही, डोळे चुरचुरवते." पुढे त्या नातेवाईकाशी माझी ओळख झाली. वर्णनात दुरुस्ती करण्यासारखं काही सापडलं नाही.

आपल्या घरी धूर होऊ द्यायचा नाही आणि गॅस जाळायचा नाही, हे त्यांच्या निवृत्तीनंतरचं जीवनकार्य होतं. त्यासाठी त्यांनी पेलेट करायला घेतले. लाकूड कापायच्या आरामशीनवर भुशाचे ढीग पडलेले असतात. तो भुसा आणायचा, त्यात गिरणीतलं धानाचं तूस मिसळायचं, दाबून बोटाच्या पेराएवढ्या कांड्या पाडायच्या आणि वाळवायच्या. पहिला प्रयोग त्यांनी काकूंच्या चकलीच्या सोऱ्यावर केला. तो सोऱ्या काकूंना माहेराहून मिळालेला होता.

"माह्या सोऱ्याले कायले हात लावला जी?" काकूंचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत आला.

"धुऊन ठेवतो."

"धुऊन भुसा जाते का? आता दिवाळीले काय लाकडाची चकली चारू पाहुन्याले?"

त्यानंतर त्यांनी भंगारातून गुरांची ढेप पाडायचं एक जुनं यंत्र आणलं आणि दोन पावसाळे ते उघडून बसले. तिसऱ्या पावसाळ्यात ते चालू झालं. गच्चीवर एका चादरीवर काकूंच्या मूगवड्या वाळत आणि दुसऱ्या चादरीवर काकांचे पेलेट. मी एकदा फसलो. कावळे कधी फसले नाहीत.

काका त्याला पेलेट म्हणत. काकू लेंड्या म्हणत, आणि दिसायला ते बकरीच्या लेंड्यांसारखेच होते हे नाकारण्यात अर्थ नव्हता. घरी कुणी प्रतिष्ठित मनुष्य आला, काका त्याला ज्वलनाचं शास्त्र समजावत असले, की आतून हमखास विचारणा होई, "अजी, लेंड्या सरल्या का, अजून आनू?" नंतर आख्खी गल्ली तोच शब्द वापरू लागली. पदवी मात्र फोरमनच राहिली.

शेगडी त्यांनी पत्र्याच्या पिंपाची केली होती. वर तेलाचा डबा उलटा बसवलेला, त्यातून पेलेट थोडे थोडे खाली सरकत. बंद पडलेल्या संगणकाचा पंखा खालून हवा मारी. धुरासाठी एक नळी भिंतीतून बाहेर काढलेली होती, पण तिच्यातून धूर निघताना दिसत नसे. ही शेगडी चांगली होती. हे मान्य करायला मला एक संपूर्ण हिवाळा लागला, कारण घरगुती शोधांबद्दल माझं मत पूर्वीपासून वाईट आहे. मूठभर पेलेटवर स्वयंपाक होई, बंबाचं पाणी तापे आणि मधली खोली दुपारपर्यंत उबदार राही. गॅसची टाकी कोपऱ्यात नक्षीदार कपडा घालून बसवलेली असे. काका बाजारात गेले की काकू तो कपडा काढत आणि पाच मिनिटांत चहा करत. त्यातला एक कप वर माझ्याकडे येई. मी कधी बोललो नाही.

बघून बघून गल्लीतल्या पाच घरांनी तशा शेगड्या करून घेतल्या. काका त्यांना लोखंडाच्या भावात देत आणि वापराचे नियम तोंडी शिकवत. नियमांमध्ये एकच मुख्य होता. खोलीला कुठे फट असू नये. "फट म्हंजे चोर," ते म्हणत. बॉयलरवर असताना ते दर तासाला सांध्यांवरून तळहात फिरवून कुठे वाफ सुटते ते शोधत. त्या हाताला गळती सापडली नाही असं कधी झालं नाही, असं ते सांगत, आणि मला ते खरं वाटे.

एकदा कुणीतरी एका प्रदर्शनात त्यांची शेगडी मांडायचं ठरवलं. मंडप, हारतुरे, शाल, सगळं होतं. प्रमुख पाहुण्यांनी फीत कापून शेगडी पेटवायची होती. संयोजकांनी नायलॉनची लाल फीत शेगडीच्या नळीला बांधली, कारण मंडपात बांधायला दुसरं काही उभं नव्हतं. पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर काकांनी शेगडी पेटवून ठेवली होती. थंड शेगडी लोकांना दाखवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. फीत आधी आखडली, मग वितळली, मग खाली टपकली. पाहुणे आले तेव्हा त्यांच्या हातात चांदीच्या ताटातली कात्री होती आणि समोर कापायला काही नव्हतं.

"काम होऊन गेलं," काका म्हणाले. "आता चहा घेऊन घ्या."

पाहुण्यांनी मग पंचवीस मिनिटं भाषण केलं. परत येताना काका मला म्हणाले, "पूर्ण भाषनात मंडपाचं तापमान अर्ध्या डिग्रीनं बी नाही वाढलं." थर्मामीटर त्यांनी खुर्चीच्या पाठीला लावून ठेवला होता.

ही सगळी गंमत मी अनेकदा सांगितली आहे. पुढचं फारसं सांगितलेलं नाही.

त्यांची मुलगी सौंदडला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून ती मार्गशीर्षात माहेरी आली. बाळ दिवसांआधी झालं, मुलगी, आणि वजनाने कमी. डॉक्टरांनी घरी सोडताना दोन गोष्टी सांगितल्या. बाळाला ऊब पाहिजे, आणि धुरात ठेवू नका. त्या आठवड्यात थंडीची लाट होती. गल्लीतल्या कुत्र्यांनीही शेकोटीजवळ जागा धरल्या होत्या.

घरात वाद सुरू झाला. बाळंतिणीच्या खाटेखाली गोरसी ठेवायची तिकडे पद्धत आहे. गोरसी म्हणजे मातीचं पसरट भांडं, त्यात गोवऱ्यांचा विस्तव आणि वर ओवा.

"माह्या दोन्ही बाळंतपनात गोरसीच होती," काकू म्हणाल्या.

"धूर होते."

"होते ना. मंग? ओव्याचा धूर औषद राहते."

"डाक्टरनं काय सांगतलं? दोन किलोचं लेकरू अन् त्याच्या छातीत काजळी भरतेस का वं?" मग काका माझ्याकडे वळले. "सर, तुमी पुस्तकवाले. सांगा हिले. धूर चांगला का वाईट?"

मी वाईट म्हणालो. उत्तर बरोबर होतं. प्रश्न अपुरा होता, पण ते मला त्या वेळी सुचलं नाही.

काकांनी शेगडी बाळंतिणीच्या खोलीत हलवली. मग त्यांनी खिडकीच्या चौकटीवरून तळहात फिरवला. जिथे गार लागलं तिथे मैद्याची खळ लावून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या. दाराखाली गोधडीची वळकटी ठेवली. नळी आधी सरळ भिंतीतून बाहेर जात होती. ती त्यांनी दोनदा वाकवून खोलीभर फिरवली, म्हणजे जाणाऱ्या हवेने उरलीसुरली ऊबही आत ठेवून जावी. दारावर एक पाटी लावली आणि तिच्यावर दर तासाला खडूने तापमान लिहू लागले. अठ्ठावीस. अठ्ठावीस. अठ्ठावीस. काकूंसोबत बुद्धविहारात जाणाऱ्या बायका बाळाला बघायला आल्या की आधी पाटी वाचत. "बाप्पा, असं तर दवाखान्यात बी नाही," एकजण म्हणाली. काका दाराबाहेर उभे होते. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली.

तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, डोकं दुखून राहिलं."

"अशक्तपना होय बाई. मेथीचे लाडू खा."

"इथंच दुखते. आंगनात गेली का थांबते."

"आंगनात आठ डिग्री आहे," काका म्हणाले. त्यांच्या दृष्टीने तो विषय संपला.

रविवार होता. मी अंगणात उन्हात खुर्ची टाकून वाचत होतो. काकू स्वयंपाकघरात गॅसवर बाळाच्या मालिशचं तेल कोमट करत होत्या. दहाच्या सुमाराला लाईट गेली आणि शेगडीचा पंखा थांबला. आतून काकांचा आवाज आला, "फिकर नाही. अंगार आहे मस्त. धूर बी नाही."

थोड्या वेळाने ते पाटीवर लिहायला बाहेर आले. त्यांनी अठ्ठावीस लिहिलं. त्याच्याखाली पुन्हा अठ्ठावीस लिहिलं. मग बाहीने दोन्ही पुसलं, तिसऱ्यांदा अठ्ठावीस लिहिलं आणि चौकटीला हात टेकून उभे राहिले. मला वाटलं, वय झालं. ते आत गेले आणि दार नीट ओढून घेतलं. मी हातातलं पान पूर्ण केलं.

त्यानंतर काकू तेलाची वाटी घेऊन आत गेल्या आणि वाटीशिवाय बाहेर आल्या. बाळ छातीशी धरलेलं होतं आणि त्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते.

"लेकरू ढिलं पडलं! सर, पोट्टीले बाहेर काढा!"

मी आत गेलो. आत धूर नव्हता, वास नव्हता. त्या दिवशी गावात त्याहून सुखाची खोली नसेल. मुलगी डोळे उघडे ठेवून पडली होती आणि मी काय म्हणतो ते तिला कळत नव्हतं. काका स्टुलावर बसलेले, हात मांडीवर. मी तिला अर्धवट उचलून, अर्धवट ओढत बाहेर आणलं. तोवर काकूंनी बाळ शेजारणीच्या हातात दिलं होतं आणि बाहेरून वरवंट्याने खिडकीच्या काचा फोडायला सुरुवात केली होती.

"हीट," काका आतून जड जिभेने म्हणाले. "हीट चालली."

"जाऊ दे तुमची हीट!" काकूंनी दुसरी काच फोडली.

मी आणि आवाज ऐकून धावत आलेल्या दुकानदाराने काकांना काखेत धरून बाहेर आणलं. आठ-दहा अंशांच्या त्या उन्हात काकू बाळाचे तळवे चोळत होत्या, टिचक्या मारत होत्या, नाव अजून ठेवलेलं नव्हतं म्हणून नुसतं "ए माय, ए माय" म्हणत होत्या. दुकानदार रिक्षा आणायला पळाला. मुलगी भिंतीला टेकून ओकत होती. काका जमिनीवर बसून बाळाकडे बघत होते आणि कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. बाळ रडलं ते रिक्षा गल्लीत वळल्यावर. फार बारीक आवाज होता, पण रिक्षाच्या आवाजावरून ऐकू आला.

चार दिवस दवाखान्यात ठेवून मायलेकींना घरी सोडलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी काकांना समजावलं, की कोंडलेल्या जागी निखारे अर्धवट जळले की एक वायू होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि अजून पंधरा मिनिटं गेली असती तर आपण हे बोलत बसलो नसतो. काका उभे राहून ऐकत होते, साहेबासमोर उभं राहावं तसे. बॉयलरला गळती नको, पण खोलीला पाहिजे, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. खोली म्हणजे बॉयलर नव्हे, हे सांगायचं मलाही सुचलं नव्हतं.

घरी आल्यावर काकू म्हणाल्या,

"गोरसी धूर करते, म्हनून डोळे झोंबले का आपन खिडकी उघडतो. तुमची शेगडी गुपचूप मारते जी."

काकांनी मान हलवली. मी त्यांना कुणाचं म्हणणं बिनशर्त मान्य करताना प्रथमच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छन्नी आणि हातोडा घेऊन निघाले. मलाही बोलावलं, बहुधा साक्षीदार म्हणून. बाकीच्या पाच घरांत त्यांच्या शेगड्या होत्या आणि त्या पाचही घरांत त्यांनीच फटी बुजवायला शिकवलं होतं. प्रत्येक घरी ते दारात उभे राहून एकच वाक्य बोलत, "मी चुकलो. माही नातीन मरत होती. भिंतीले भोक पाडू द्या." वाक्याला प्रस्तावना नव्हती. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात गल्लीला फक्त सूचना दिल्या होत्या, त्याच्या तोंडून ते ऐकताना लोक अवघडत. दोघांनी भोक पाडू दिलं. एकाने शेगडीच परत दिली. चौथ्याने खिडकीचं एक तावदान काढून टाकलं.

पाचवं घर एका निवृत्त तलाठ्याचं. त्यांनी नुकताच रंग दिला होता, फिक्कट गुलाबी.

"अरे फोरमन, भोक पाडलं तर हीट राहीन का? तूच सांगतलं ना?"

"सांगतलं."

"मंग?"

"चुकीचं सांगतलं."

"आमाले काही झालं नाही बाप्पा आजवर. माही सून, नातू, सगळे त्याच खोलीत झोपते. तू घरी जाय अन् आराम कर."

तलाठ्यांनी दार लावून घेतलं. काका ओट्यावर बसले. वाद घातला नाही, दार वाजवलं नाही. मी काही वेळ थांबलो आणि ग्रंथालयात गेलो. दुपारी डबा खायला आलो तर ते तिथेच होते. येणारे-जाणारे विचारत, "फोरमन साब, यहाँ क्यूँ?" आणि ते प्रत्येकाला तेच वाक्य पहिल्यापासून सांगत. तलाठ्यांनी दोनदा खिडकीतून बघितलं. ऊन ओट्यावरून उतरलं, तेव्हा काकांनी गुडघे जवळ घेतले.

संध्याकाळी मी परतलो तेव्हा तलाठ्यांची सून नातवाला कडेवर घेऊन दारात उभी होती.

"या जी काका," ती म्हणाली. "पाडा. पन लहान पाडजा."

काकांनी दोन विटांएवढं पाडलं. गुलाबी रंगाचे पोपडे फरशीवर पडले. आतल्या खोलीतून तलाठ्यांचं खाकरणं ऐकू येत होतं. शेवटचा तुकडा निघाला आणि बाहेरचा वारा सरळ खोलीत आला. काकांनी तळहात त्या भोकासमोर धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

सुनेने पोराच्या डोक्यावर पदर ओढला.

"थंडी येऊन राहिली ना जी."

"येऊ द्या," काका म्हणाले.